नव्या सीझनमध्ये नटाचा आवाज वेगळा का वाटतो? कारण शोधून काढायची रीत

मालिकेचा नवा सीझन सुरू होतो, ओळखीचं पात्र पहिलं वाक्य बोलतं आणि कान टवकारतात. माणूस तोच, पण आवाज काही तो नाही. लगेच दोन तर्क पुढे येतात: नट आजारी असणार, नाहीतर दुसऱ्याच कुणाकडून डबिंग करून घेतलं असणार. बहुतेक वेळा दोन्ही चुकीचे ठरतात. गळ्यातून निघालेला आवाज आपल्या कानापर्यंत पोचेस्तोवर माइक, कपडा, खोली, संकलन, मिक्सिंग, प्रसारणाचे नियम आणि शेवटी आपला टीव्ही अशा सगळ्यांच्या हातातून जातो, आणि यातला प्रत्येक जण त्यावर आपला ठसा उमटवतो. म्हणून शोध गळ्यापासून सुरू करू नका. आपल्या टीव्हीपासून सुरू करा आणि एकेक टप्पा मागे जात शेवटी गळ्यापाशी पोचा. या क्रमाने गेलात तर निम्म्या शंका पहिल्या अर्ध्या तासातच मिटतात.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: बाकीच्यांचं काय? दोन्ही सीझनमध्ये असलेली दोन पात्रं शोधा आणि ती दोघं एका खोलीत बसून बोलत आहेत असा प्रसंग जुन्यातून एक, नव्यातून एक घ्या. ज्याच्यावर शंका आहे त्याला बाजूला ठेवून आधी दुसऱ्याचाच आवाज लक्ष देऊन ऐका. तोही त्याच दिशेने बदललेला असेल, म्हणजे दोघेही जाड, किंवा दोघेही किनरे, किंवा दोघेही लांबून बोलल्यासारखे वाटत असतील, तर कारण यंत्रात आहे. नटांच्या गळ्याचा त्यात काही दोष नाही. फक्त एकाचाच बदललेला असेल तर शोध त्या माणसापुरता, त्याच्या माइकपुरता आणि त्याच्या भूमिकेपुरता उरतो. ही एक तपासणी न करता काढलेला कुठलाही निष्कर्ष आम्ही ग्राह्य धरणार नाही.

दुसरा प्रश्न: बदल कधी आणि कसा आला? पहिल्या भागाच्या पहिल्या दृश्यापासून आला आणि सीझनभर तसाच टिकला, तर ध्वनिविभाग, उपकरणं किंवा अभिनयाचा ठरवून घेतलेला निर्णय यांच्याकडे बोट जातं. तीन-चार सीझनमध्ये हळूहळू सरकत आला तर वय, सवय, भूमिकेत मुरणं. एक-दोन भागांत घोगरा आणि मग पूर्ववत, तर बसलेला घसा. आणि एकाच दृश्यात दोन वाक्यं वेगळी, तिसरं पुन्हा नेहमीसारखं, तर ती दोन वाक्यं मागाहून स्टुडिओत भरलेली आहेत.

पहिल्या सीझनचा पहिलाच भाग मात्र तुलनेला घेऊ नका. तो कित्येकदा नमुना म्हणून बाकीच्या भागांच्या महिनोन्‌महिने आधी चित्रित होतो, वेगळ्या जागी, वेगळ्या ध्वनिपथकाकडून, आणि नटालाही तेव्हा पात्राचा आवाज पुरता सापडलेला नसतो. तिसऱ्या-चौथ्या भागापासून पुढचे नमुने घ्या.

आपल्या घरातली तपासणी

आवाजाचा ट्रॅक कुठला चालू आहे ते बघा. स्ट्रीमिंग सेवा प्रोफाइलच्या भाषेनुसार ट्रॅक आपोआप निवडतात. जुना सीझन मूळ भाषेत आणि नवा डब केलेल्या भाषेत चालू आहे, किंवा उलट, असं सहज होतं. दोन्ही सीझन डब केलेलेच पाहत असाल तर डबिंगचा आवाज देणारा कलाकार बदलला असण्याची शक्यता मोठी असते, कारण डबिंगचं काम दर सीझनला वेगळ्या स्टुडिओकडे जाऊ शकतं. मूळ भाषेचा ट्रॅक लावून दोन मिनिटं ऐका, शंका तिथेच फिटेल.

मग ५.१ (सहा चॅनलचा सराउंड आवाज) आणि स्टिरिओ (दोन चॅनलचा). ५.१ च्या मिक्समध्ये संवाद जवळपास सगळे मधल्या चॅनलमध्ये असतात. टीव्हीला दोनच स्पीकर आहेत आणि उपकरण ५.१ चा सिग्नल नीट एकत्र करत नाही, अशा वेळी मधला चॅनल क्षीण होतो. संवाद पोकळ, मागे सरकलेले, थोडे घुमणारे ऐकू येतात आणि संगीत मात्र दणदणीत. जुना सीझन स्टिरिओत आणि नवा ५.१ मध्ये असेल तर हा फरक नेमका सीझनच्या सीमेवर येतो. उपाय सोपा: ऑडिओच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ निवडा आणि पुन्हा ऐका. त्याच मेनूत संवाद स्पष्ट करणारा मोड, रात्रीचा मोड, आभासी सराउंड असलं काही चालू असेल तर सगळं बंद करा. संवाद स्पष्ट करणारा मोड साधारण २ ते ४ हजार हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) भाग वर उचलतो. त्यानं शब्द कळतात, पण आवाजातला गोलावा जातो.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि ही फार कमी लोकांना सुचते. सेकंदाला २३.९७६ फ्रेमने चित्रित झालेली मालिका २५ फ्रेमच्या प्रसारणासाठी किंवा डिस्कसाठी नुसती वेगानं चालवली, तर ती सुमारे ४.३ टक्के जलद होते. ४४ मिनिटांचा भाग ४२ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि प्रत्येकाचा आवाज सुमारे पाऊण अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) वर चढतो. १२० हर्ट्झवर बोलणारा नट १२५ वर बोलायला लागतो. आकडा लहान दिसतो, पण आवाजाचा पोतही सोबत सरकतो, त्यामुळे माणूस थोडा तरुण, थोडा घाईत वाटतो. जुने सीझन अशा डिस्कवर पाहिलेले आणि नवे स्ट्रीमिंगवर, तर नव्यात सगळेच जाड आवाजाचे झाल्यासारखे वाटतात. फाइलचा नमुनादर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) चुकीचा वाचला गेला तर याहून मोठी गडबड होते. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ वर वाजली की आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो.

वेग तपासायला शीर्षकगीत वापरा. दोन्ही सीझनमध्ये तेच रेकॉर्डिंग असेल तर गीताच्या एकाच तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी स्टॉपवॉच दाबा. संपूर्ण गीत घेऊ नका, कारण ते नव्या सीझनमध्ये छाटलेलं असू शकतं. ६० सेकंदांचा तुकडा ५७.५ सेकंदांत संपला तर वेग बदललाय. पट्टी तपासायला मोबाइलवरचं ट्यूनर ॲप पुरेसं आहे: एखादा लांब धरलेला सूर दोन्हीकडे तपासा. वेळ कमी झाली पण सूर तोच राहिला, तर वेग वाढवल्यावर पट्टी दुरुस्त केलेली आहे. अशा वेळी पट्टी बरोबर असूनही बोलणं किंचित धावतं, एवढं लक्षात ठेवा.

नमुने कसे निवडायचे

आता शंका नटापर्यंत आली असं धरू. इथे सगळ्यात जास्त चुका नमुन्यांत होतात. दर सीझनमधून पाच तुकडे घ्या, प्रत्येकी १० ते ३० सेकंदांचे, आणि पाच वेगवेगळ्या भागांमधले. प्रत्येक तुकड्यात पार्श्वसंगीत नसावं, दुसरं कुणी मध्ये बोलत नसावं, प्रसंग घरातला असावा, आणि मुख्य म्हणजे बोलण्याचा जोर सारखा असावा. माणूस जोरात बोलला की पट्टी आपोआप चढते, हळू बोलला की उतरते. जुन्या सीझनमधलं भांडण आणि नव्या सीझनमधली रात्रीची कुजबुज शेजारी ठेवलीत तर त्याचा आवाज जाड झाल्याचा शोध लागणारच, पण तो शोध प्रसंगाचा असेल. गोंगाटाचं ठिकाणही टाळा, कारण आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत चढ्या पट्टीत बोलतो आणि स्वर लांबवतो. टेलिफोनवरचं बोलणं तर मुळीच घेऊ नका. तिथे मिक्समध्ये मुद्दाम ३०० ते ३४०० हर्ट्झपुरताच आवाज ठेवलेला असतो.

तुकडे मोबाइल टीव्हीसमोर धरून रेकॉर्ड केले तर खोलीचा घुमारा त्यात शिरतो आणि मोबाइलची गोंगाट घालवणारी यंत्रणा आवाज आणखी बिघडवते. हेडफोन लावून थेट ऐकणं त्यापेक्षा बरं. दोन्ही सीझन एकाच सेवेवर, एकाच उपकरणावर, एकाच हेडफोनवर ऐका आणि आवाजाची पातळी कानाला सारखी करून घ्या. मोठा वाजणारा नमुना नेहमी जास्त भरीव वाटतो. पातळी सारखी केली नाही तर आपला कानच आपल्याला फसवतो.

मोजायचं असेल तर

ऐकून समाधान होत नसेल तर प्राट वापरा. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोएर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं हे मोफत सॉफ्टवेअर उच्चारशास्त्राचे अभ्यासक रोज वापरतात. तुमच्याकडे कायदेशीरपणे असलेल्या तुकड्याची मोनो वेव्ह फाइल त्यात उघडा, संपादनाची खिडकी उघडा, बोलण्याचा भाग निवडा आणि पिचच्या, म्हणजे पट्टीच्या, मेनूतून सरासरी मागा. त्याआधी पिचची मर्यादा ठरवून घ्या: जाड पुरुषी आवाजाला ७५ ते ३००, स्त्रीच्या आवाजाला १०० ते ५००, लहान मुलाला त्याहून वर ६०० पर्यंत. ही मर्यादा न लावता मोजलं तर घोगऱ्या किंवा करकरणाऱ्या आवाजात सॉफ्टवेअर पट्टी नेमकी निम्मी किंवा दुप्पट दाखवतं. आलेखावर रेघ अचानक सप्तकभर खाली उडी मारून परत वर आली, तर ती सॉफ्टवेअरची चूक समजा आणि तो भाग वगळा.

प्रौढ पुरुषांचं साधं बोलणं बहुतेक १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतं, स्त्रियांचं १८० ते २२० च्या आसपास. पाच तुकड्यांची सरासरी काढा. १२० चा आकडा १२४ झाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेवढा फरक एकाच दिवसात सकाळ आणि संध्याकाळमध्ये पडतो. एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ६ टक्के, १२० चे १२७. त्याच्या आतला फरक आम्ही सोडून देतो. पाचही तुकडे एकाच दिशेला आणि दोन अर्धस्वरांहून जास्त सरकलेले असतील तरच पट्टी बदलली असं म्हणा.

पट्टी जागच्या जागी आणि तरीही आवाज वेगळा, हेच जास्त वेळा निघतं. तेव्हा बदल पोतात असतो, आणि पोत बदलण्याची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे माइक.

माइक, कपडा आणि खोली

चित्रीकरणात संवाद दोन प्रकारे टिपले जातात. बूम म्हणजे काठीवरचा माइक, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, नटाच्या डोक्याच्या थोडा पुढे आणि वर. लेपल म्हणजे कपड्यात लपवलेला बारकासा माइक, बहुतेक छातीच्या मधोमध, हनुवटीखाली वीतभर. बूमवर आलेला आवाज मोकळा असतो, त्यात तोंडासमोरची हवा आणि थोडी खोली ऐकू येते. लेपल छातीला चिकटलेला असल्यामुळे तिथे ८०० हर्ट्झच्या आसपासचा भाग फुगतो, आणि हनुवटीच्या सावलीमुळे ३ ते ४ हजार हर्ट्झचा, म्हणजे शब्दांना धार देणारा भाग बराच घटतो. ध्वनिमिश्रक इक्वलायझरनं (आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारं साधन) हे बरंचसं सावरून घेतो, पण सगळं नाही.

आता पात्राचा वेष बघा. पहिल्या सीझनमध्ये सुती शर्ट, वरची दोन बटणं उघडी. नव्या सीझनमध्ये पात्र बढती मिळवून बंद गळ्याच्या जाड कोटात, किंवा चामडी जाकिटात. माइक आता दोन थरांखाली गेला. स, श, च, त यांची टोकं बोथट झाली, आवाज छातीतून येतोय असं वाटायला लागलं, आणि हात हलवला की बारीक खसखस. नटाचा गळा तसाच आहे. जाड झालंय ते कापड. हे ताडून पाहायला त्याच सीझनमधला असा प्रसंग शोधा जिथे ते पात्र घरात साध्या कपड्यांत आहे. तिथे जुना आवाज परत आला तर गुन्हेगार सापडला.

चित्रीकरणाची पद्धत बदलली तरी हेच होतं. एका कॅमेऱ्यानं जवळून चित्रित करताना बूम तोंडापासून हातभरावर आणता येतो. नव्या दिग्दर्शकानं दूरचं आणि जवळचं दृश्य दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी घ्यायला सुरुवात केली की बूम दूरच्या चौकटीत दिसू नये म्हणून वर न्यावा लागतो. माइकचं अंतर दुप्पट झालं की तोंडाचा थेट आवाज ६ डेसिबलनी घटतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. त्यामुळे पात्र लांबून बोलल्यासारखं वाटतं. मग ध्वनिविभाग लेपलवर विसंबतो, आणि पुन्हा छातीचा आवाज.

खोलीचाही हिशेब ठेवा. स्टुडिओतल्या प्लायवूडच्या सेटला बहुधा छत नसतं, आवाज वर निघून जातो आणि कोरडा राहतो. पुढच्या सीझनमध्ये तेच घर खरोखरच्या घरात चित्रित झालं तर काच, फरशी आणि छत आवाज परतवतात. एकाच नटाचे संवाद घरातले वेगळे आणि कार्यालयातले जुन्यासारखे, असं दिसलं की खोलीकडे बघा.

मागाहून भरलेली वाक्यं

चित्रीकरणाच्या वेळी विमान गेलं, पंखा घुमला, किंवा नंतर लेखकानं वाक्य बदललं, तर नटाला स्टुडिओत बोलावून ते वाक्य पडद्यावरच्या ओठांवर पुन्हा बोलायला लावतात. महिनोन्‌महिन्यांनंतर, दुसऱ्या कामाच्या दगदगीत, माइकसमोर उभं राहून. चित्रीकरणात नट धावत आला होता, हातात सामान होतं, मान वळलेली होती. स्टुडिओत तो स्थिर उभा आहे. शरीरातला तो ताण आवाजात येत नाही, आणि वाक्य सपाट पडतं.

ही वाक्यं ओळखायला चार खुणा. पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असताना किंवा कॅमेरा दुसऱ्यावर असताना महत्त्वाची माहिती सांगितली जाते. वाक्याआधीचा श्वास ऐकू येत नाही, किंवा फारच स्वच्छ येतो. वाक्याच्या मागे खोलीचा मंद गुंजारव बदलतो; हेडफोनवर तो वाक्याबरोबर सुरू आणि वाक्याबरोबर बंद होताना कळतो. आणि प, ब, म या ओठ मिटणाऱ्या वर्णांवर ओठ आणि आवाज किंचित चुकतात. मैदानी लढाया, पाऊस, वाहनं, पाणी यांच्या दृश्यांत अशी वाक्यं भरपूर असतात. म्हणून एखादा सीझन घरातून उठून बाहेर गेला की त्यातले आवाज एकदम स्टुडिओतले वाटायला लागतात.

गोंगाट काढण्याची सॉफ्टवेअरंही मोठा वाटा उचलतात. जास्त जोरानं चालवली की शब्दांच्या शेवटचा श्वास, हलका खरखरीतपणा, सगळं पुसलं जातं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, गुळगुळीत होतो. स आणि श वर लक्ष द्या. तिथे वाळूऐवजी शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यासारखा आवाज आला तर ही त्याचीच करणी.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात. युरोपात २०१० पासून आर १२८ या शिफारशीनुसार कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) ठेवतात. अमेरिकी प्रसारणात उणे २४. नेटफ्लिक्स मात्र संवादांच्या आधारे उणे २७ मागतं. एखादी मालिका वाहिनीवरून स्ट्रीमिंगला गेली की संवादांची पातळी उतरते, संगीत आणि स्फोटांना वर जायला जागा मिळते. नट तोच, जोरही तोच, पण आपण आवाज वाढवून ऐकतो आणि तो कुजबुजतोय असं वाटतं.

गळा: वय आणि आवाज फुटणं

बालकलाकारांच्या बाबतीत उत्तर सरळ असतं. मुलग्यांमध्ये साधारण १२ ते १४ व्या वर्षी स्वरयंत्र वाढतं आणि खाली सरकतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याची पट्टी जवळजवळ सप्तकभर उतरते. २५० हर्ट्झवर बोलणारा मुलगा १२५ वर येतो. मधले काही महिने आवाज हुकमी राहत नाही. वाक्याच्या मध्येच चिरकतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण दोन-तीन अर्धस्वरच, त्यामुळे प्रेक्षकाला तो मोठं झाल्यासारखा वाटतो, फुटल्यासारखा नाही. दोन सीझनमध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर पडलं आणि कथेत मात्र दोनच महिने गेले, की हा बदल डोळ्यांत भरतो.

इथे एक गैरसमज: निर्माते यंत्रानं पट्टी वर चढवून जुना आवाज परत आणतात असं लोक धरून चालतात. नुसती पट्टी चढवून ते होत नाही. मुलाच्या वाढीत स्वरतंतूंसोबत घसा आणि तोंडाची पोकळीही वाढते, आणि गुंजनाच्या जागा तिच्यावर ठरतात. पट्टी एकटी चढवली तर लहान अंगातला मोठा माणूस बोलतोय असं वाटतं. गुंजनही सोबत सरकवलं तर कार्टूनमधल्या खारीचा आवाज व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात सरकवावी लागतात, आणि तरीही एक-दोन अर्धस्वरांपलीकडे ते कानाला खटकतं.

प्रौढांमध्ये बदल संथ असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज काहीसा उतरतो. म्हातारपणी पुरुषांचे स्वरतंतू पातळ होतात, पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे आवाज थोडा चढा, हवेशीर आणि कापरा होतो. दीर्घकाळ धूम्रपान केल्यानं स्वरतंतूंना सूज येऊन आवाज जाड आणि खरखरीत होतो. जठरातलं आम्ल घशापर्यंत येत असेल तर सकाळी घोगरा आवाज आणि सारखं खाकरणं. दम्याच्या स्टेरॉइड फवाऱ्यानं आवाज बसू शकतो, ॲलर्जीच्या काही औषधांनी घसा कोरडा पडतो. थायरॉइड मंदावला तरी आवाज जड होतो. सतत ओरडण्याच्या भूमिकेत स्वरतंतूंवर गाठी येतात. त्यात वरचे सूर आधी जातात आणि आवाजातून हवा गळायला लागते. दातांवर नवी आवरणं बसवली तर पट्टी जराही न बदलता स आणि श बदलतात, आणि नाकाची शस्त्रक्रिया झाली तर म, न, ण यांचं गुंजन.

एवढी यादी दिली, कारण त्या-त्या कारणाची खूण वेगळी आहे. पण त्या खुणांवरून एखाद्या नटाचा आजार ठरवू नका. घोगरा आवाज सर्दीचा आहे, पहाटे पाचच्या बोलावण्याचा आहे की आदल्या दिवशी बारा तास ओरडून झालेला, हे पडद्यावरून कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरही आत कॅमेरा घालून स्वरतंतू पाहिल्याशिवाय बोलत नाहीत. नटानं स्वतः जाहीरपणे सांगितलं असेल तेवढंच मांडा. बाकी त्याच्या शरीराची गोष्ट त्याच्याकडेच राहू द्या.

मुद्दाम बदललेला आवाज

अभिनयातला बदल पट्टीपेक्षा लयीत आणि उच्चारात आधी दिसतो. एका मिनिटात किती शब्द बोलले ते मोजा, वाक्याच्या शेवटी सूर खाली पडतो की वर राहतो ते बघा. पात्र आघातातून गेलं, सत्तेवर आलं, तुरुंगातून सुटलं, की नट बोलण्याचा वेग कमी करतो आणि जोर काढून घेतो. प्रेक्षक म्हणतात आवाज जाड झाला. मोजल्यावर पट्टी तीच असते, फक्त विराम वाढलेले असतात. परक्या बोलीतली भूमिका असेल तर पहिल्या सीझनमध्ये नट एकेक स्वर सांभाळून बोलतो, जबडा आवळलेला असतो. दोन वर्षांत ती बोली अंगवळणी पडते, जबडा सैल होतो आणि आवाज रुंद वाटायला लागतो. खोटा घोगरेपणा आणून केलेली भूमिका नट पुढे सौम्य करतो, कारण तसा आवाज रोज दहा तास काढणं गळ्याला परवडत नाही.

ॲनिमेशनमध्ये याचं ठळक उदाहरण आहे. ‘द सिम्पसन्स’मधल्या होमर या पात्रासाठी डॅन कॅस्टेलानेटा यांनी सुरुवातीला अभिनेते वॉल्टर मॅथाऊ यांच्या ढबीचा आधार घेतला होता. ती ढब तासन्‌तास चालणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये टिकेना, म्हणून आवाज पुढच्या सीझनमध्ये आजच्या जागी सरकला. त्याच मालिकेत बार्ट या मुलाचा आवाज १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट देतात. मुलाला प्रौढ स्त्रीचा आवाज दिला की तो फुटायचा प्रश्नच येत नाही. याच्या उलट वाट ‘ॲडव्हेंचर टाइम’नं घेतली: फिन या मुलाचा आवाज देणारा जेरेमी शाडा किशोरवयात होता, त्याचा आवाज उतरत गेला आणि पात्रालाच त्याच्याबरोबर मोठं होऊ दिलं. पहिल्या आणि शेवटच्या सीझनमधला फिन लागोपाठ ऐका. आवाज फुटण्याचा सगळा प्रवास तिथे कानानं कळतो.

ॲनिमेशनमध्ये नट बदलल्याची शक्यता मात्र आधी तपासा, कारण तिथे चेहरा साक्षीला नसतो. ‘फॅमिली गाय’मध्ये मेगचा आवाज सुरुवातीच्या भागांत लेसी शेबर्ट यांचा आहे, नंतर मिला कुनिस यांचा. ‘रिक अँड मॉर्टी’मध्ये दोन्ही मुख्य पात्रांना एकच जण आवाज देत असे, २०२३ च्या सातव्या सीझनपासून इयन कार्डोनी आणि हॅरी बेल्डन हे दोघं देतात. अशा वेळी नवा कलाकार पट्टी आणि ढब हुबेहूब उचलतो, पण हसणं, धाप, खोकला आणि वाक्याच्या मध्ये येणारे अर्धवट हुंकार यांत तो वेगळा पडतो. तेच तुकडे ताडून पाहा आणि मग भागाच्या शेवटची श्रेयनामावली वाचा. प्रसारणाचा क्रम आणि निर्मितीचा क्रम वेगळा असल्यामुळे जुना आवाज नव्या सीझनच्या एखाद्या भागात पुन्हा ऐकू येऊ शकतो, म्हणून एका भागाच्या श्रेयनामावलीवर थांबू नका.

आता यंत्रानं घडवलेल्या आवाजाचाही विचार करावा लागतो. २०२२ च्या ‘ओबी-वान केनोबी’ मालिकेत ‘स्टार वॉर्स’मधला खलनायक डार्थ वेडर याच्यासाठी जेम्स अर्ल जोन्स यांचा जुना, ऐन भरातला आवाज त्यांच्या संमतीनं रिस्पीचर या युक्रेनच्या कंपनीनं पुन्हा उभा केला. यात एक माणूस प्रत्यक्ष बोलतो आणि यंत्र त्याच्या बोलण्यावर दुसऱ्याचा पोत चढवतं. अशा आवाजात पोत ओळखीचा आणि लय किंचित परकी असते. कुठे थांबायचं, कुठला शब्द दाबायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे बोलणाऱ्या माणसाचं राहतं. तुम्हाला आवाज अगदी तोच वाटतोय आणि तरी तो माणूस असं बोलत नाही असं सारखं वाटत असेल, तर पट्टी मोजायचं सोडा. दोन्ही सीझनमधलं दोन-दोन मिनिटांचं बोलणं कागदावर उतरवा आणि प्रत्येक विरामावर व प्रत्येक श्वासावर खूण करत जा.